संडासातली सिंगल बेल

या पानावर मी कधी काही लिहीन, असं वर्षभरापूर्वी कुणी म्हणालं असतं तर मी त्याचा नंबर ब्लॉक केला असता. इथले अनुभव मी वाचतो, नाही असं नाही… पण रविवारी सकाळी, चहाबरोबर, बायकोला मोठ्याने वाचून दाखवून हसायला. चिंचेचं झाड, पांढरी साडी, मागून कुणीतरी हाक मारली — आमच्या घरात याला करमणूक म्हणतात. मी द्रोणागिरीच्या बाजूला एका गोदामात मेंटेनन्स बघतो. पंप, पाइप, वायरिंग, आगीची लाइन. तिथे एकदा वॉचमन लोकांनी उठवलं की मागच्या शेडमध्ये कुणीतरी रडतं. मी आत जाऊन बघितलं, तर एक्झॉस्ट फॅनचं बेअरिंग गेलं होतं. ग्रीस घातलं, रडणं थांबलं. भूत म्हणजे वेळेवर न केलेलं मेंटेनन्स, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. होतं.

अनुभव संडासातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. हसून घ्या, मी थांबतो.

झालं? तर…

नवीन पनवेलमध्ये आमचं जुनं रो-हाउस आहे. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने एक चिंचोळा पॅसेज मागच्या अंगणाकडे जातो. त्या पॅसेजच्या टोकाला, जिन्याखाली, संडास. वर एक खोली आहे, पण संडास घरात एकच. आणि त्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही.

ही कडी काढली आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आप्पा एसटीत कंडक्टर होते, पनवेल डेपोला; बाहेरचे लोक त्यांना मास्तर म्हणायचे. मी कॉलेजात असताना एकदा आईला संडासात चक्कर आली. दार आतून बंद. आप्पांनी खांदा मारून दार तोडलं आणि तिला बाहेर काढलं. आई शुद्धीवर आली, लिंबूसरबत प्यायली, आणि आप्पा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. नवीन दार बसलं ते कडीशिवायच. "या घरात माणूस अडकून मरणार नाही," म्हणाले. विषय संपला.

पण मग आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळणार कसं? त्यावर आप्पांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांचं एक ॲल्युमिनियमचं टमरेल होतं. प्लॅस्टिकचा मग त्यांना कधी पटला नाही. पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला की आतल्या माणसाने ते टमरेल नळाच्या लोखंडी पाइपवर एकदा वाजवायचं — टण. सिंगल बेल. थांबा. आटोपलं की दोनदा — टण टण. डबल बेल. जाऊ द्या. "सिंगल बेल झाली की गाडी थांबते. का थांबली म्हणून ड्रायव्हर विचारत नाही," हे त्यांचं वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल.

पाहुण्यांची पंचाईत व्हायची. माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा जावईबापू पहिल्यांदा घरी आले आणि भलत्या वेळी पॅसेजकडे वळले. आतून टण झालं. बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांनी दार उघडलं. आप्पा बाहेर आले ते हात धुऊन शांतपणे म्हणाले, "सिंगल बेल दिली होती." जावईबापू अजूनही आमच्याकडे आले की आधी पेट्रोल पंपावर जाऊन येतात, असा ताईचा आरोप आहे.

आप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर टमरेल खुंटीवर लटकलेलंच राहिलं. मी आणि वैशाली — माझी बायको — आम्ही खाकरून काम चालवू लागलो. आई मात्र आत गेली की बोटातल्या अंगठीने पाइपवर टिचकी मारायची. अगदी हळू.

मग आईचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही. आमचा संडास भारतीय. म्हणजे आई घरी यायच्या आत कमोड बसवायला हवा.

ताई खारघरला सातव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे लिफ्ट आहे, कमोड आहेत, धरायला स्टीलच्या दांड्यासुद्धा आहेत. ती म्हणाली, आईला सरळ माझ्याकडे आणते. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ताई डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली तशी आईने माझं मनगट धरलं.

"तिच्याकडे सगळं चांगलंय रे. पण एकदा मी वर गेले ना, की तुम्ही सगळे म्हणणार, आता इथेच राहा, बरं आहे. मला बरं नकोय. मला घर हवंय. तू संडास कर."

माझ्या आईने माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही. त्यामुळे मी म्हटलं, केला समज.

प्लंबर आणला तो इक्बालभाई. इक्बालभाई मूळचे इथलेच, पण बरीच वर्षं मस्कतला होते, आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. आमचा पॅसेज बघून म्हणाले, "मस्कतला शेखच्या बंगल्यात मी जो बाथरूम बसवला ना, त्याच्यात तुमचा हा अख्खा मजला बसेल. पण टेन्शन नको. इन्शाल्ला, अम्मी राणीसारख्या बसतील."

माणूस हाताने चांगला, तोंडाने त्याहून चांगला. जुनं भांडं निघालं, कमोड बसला. दर्शनी लोखंडी पाइप कापून त्याजागी प्लॅस्टिकचा आला. भिंतीच्या आत मात्र जुन्या लाइनचा एक तुकडा राहिला. इक्बालभाईंनी त्यावर हातोडीने ठोकून बघितलं आणि म्हणाले, "ही मेलेली लाइन आहे भाऊ. काढायला गेलो तर अर्धी भिंत खाली येईल. राहू द्या." मी पण कान लावून ऐकलं, जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि म्हटलं, मेलेलीच आहे. वरून टाइल्स लागल्या. फ्लशची टाकी मी हट्टाने चिनीमातीची घेतली, कारण प्लॅस्टिकची पिवळी पडते. कमोडच्या मागे भिंतीत गिट्ट्या ठोकून ती टांगली. टमरेल भंगारवाल्याकडे गेलं. ते देताना वैशाली म्हणाली, ठेवू या का? मी म्हटलं, जेट स्प्रे लावलाय, टमरेल काय शोकेसमध्ये ठेवणार?

आता फ्लश. फ्लशने मला जे नाचवलं ते एखाद्याने लिहून काढलं तर वेगळा अनुभव होईल. पहिल्याच दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी. म्हणजे कुठेतरी पाणी झिरपतंय. इक्बालभाई दुसऱ्या साइटवर, म्हणून मीच बाह्या सरसावल्या. वैशालीच्या डब्यातला जिलबीचा केशरी रंग घेऊन टाकीत टाकला, आणि फ्लश न करता कमोडकडे बघत स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने कमोडच्या आतून केशरी ओघळ उतरला. झालं, तळाचा रबरी वायसर नीट बसत नव्हता. बदलला. मग पाणी वरच्या नळीतून वाहू लागलं — आतला फुगा फार वर सेट झाला होता. खाली घेतला. मग टाकी भरायलाच अर्धा दिवस लागू लागला — कॉकच्या जाळीत वाळू. साफ केली. एकेक दोष सापडत गेला आणि मी शीळ घालत काम करत होतो. वैशाली म्हणाली, लग्नात पण इतके खूश नव्हता. वर, जिलबीचा रंग परत आणून द्यायचा, अशी तंबी मिळाली.

आणि मग एका दुपारी, हातात पाना घेऊन मी पॅसेजमधून संडासाकडे चाललो होतो, आणि आतून आवाज आला.

टण.

मी थांबलो. अहो, नुसता थांबलो नाही, भिंतीला टेकून उभा राहिलो, वाट बघत. पायांना लहानपणापासूनची सवय. बराच वेळ तसा उभा राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला की वैशाली स्वयंपाकघरात भाजी चिरतेय, आई हॉस्पिटलात आहे, मग मी थांबलोय कुणासाठी?

दार ढकललं. आत कुणी नाही. नवा कोरा कमोड, नव्या टाइल्स.

मी मोठ्याने हसलो. पाइपमध्ये हवा अडकली की ठोका बसतो, हे आमच्या धंद्यात पोरंसोरं सांगतील. पण गंमत बघा, प्लॅस्टिकच्या पाइपवर ठोका बसला तर आवाज येतो ठप. हा टण होता. मी वैशालीला विचारलं, तू ऐकलंस? ती म्हणाली, "मी सकाळपासून ऐकतेय. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय."

मग मी चाचण्या सुरू केल्या. मेन कॉक बंद करून चालत गेलो — टण. फ्लशची टाकी रिकामी करून गेलो — टण. अनवाणी गेलो — काही नाही. चपला घालून गेलो — टण. वैशाली दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "शेजारच्यांनी बघितलं तर काय वाटेल? माणूस चपला घालतोय, काढतोय, संडासापर्यंत जातोय, परत येतोय."

इक्बालभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "एअर आहे. मस्कतला पण व्हायचं." मस्कतला काय व्हायचं नाही ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात कमळी आली. कमळी करंज्याहून मासळी घेऊन येते, आप्पांच्या काळापासून. आमच्याकडे टोपली टेकवायची, पाणी प्यायचं, लागलं तर संडासाला जाऊन यायचं आणि पुढची गल्ली धरायची, हा तिचा नेम. आम्ही तिला नव्या संडासाबद्दल काही बोललो नव्हतो. वैशाली कोलंबी निवडत होती, मी पेपर वाचत होतो. कमळी मागे गेली ती येईचना. शेवटी आली ती कपाळाला आठ्या घालून.

"भाऊ, आत कोन हाय? कवापासून उबी हाय मी. सिंगल बेल झाली, डबल काय व्हतच नाय."

मी आणि वैशालीने एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, कुणी नाही आत, पाण्याचा आवाज आहे तो.

कमळीने टोपली डोक्यावर घेतली. "पान्याचा आवाज मला नका सांगू, माजा जलम पान्यात गेलाय. मास्तर हायती आत. मी पुरच्या गल्लीत पाटलीनीकरं जातंय." आणि गेली. घाबरली वगैरे अजिबात नव्हती. एसटीत जागा नसली की आपण पुढची गाडी बघतो, तशी गेली.

हे मी हसण्यावारी नेलं. खरं सांगतो, भीती मला तेव्हाही वाटली नाही. पण डोक्यात किडा राहिला.

आईला घरी सोडलं त्या दिवशी ताई गाडी घेऊन आली होती, आणि डिकीत आईची बॅग तशीच होती. तिने स्पष्ट सांगितलं होतं, आधी आई स्वतः संडासापर्यंत जाते का, बसते-उठते का, ते मी डोळ्यांनी बघणार. नाही जमलं तर बॅग उतरवायची नाही, थेट खारघर. आईने मान डोलावली होती. तिच्या डोळ्यांत परीक्षेला निघालेल्या मुलीसारखं काहीतरी होतं.

आई वॉकर घेऊन घरात आली. देवाला नमस्कार केला, स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तुळस बघितली, आणि पॅसेजमध्ये वळली. मी तिच्या मागे, माझ्या मागे ताई, ताईच्या मागे वैशाली. मी म्हणत होतो, चल, तुझ्यासाठी टाइल्स पण निळ्या घेतल्यात. आई वॉकर उचलून टेकवत चालली होती. दार हातभर उरलं होतं.

टण.

आई थांबली.

ताई म्हणाली, "काय झालं? चल ना."

"सिंगल बेल झाली," आई म्हणाली.

"आई, तो पाइपचा आवाज आहे. मी ताडून बघितलंय. आत कुणी नाही." मी पुढे होऊन दार ढकलायला हात लांब केला. आईने वॉकरवरचा एक हात सोडला आणि माझ्या शर्टाची मागची बाजू धरली. ऑपरेशन झालेली बाई, एका हातावर तोल, पाय थरथरतायत, पण मूठ अशी की शर्टाचं बटण तुटलं.

"थांब म्हटलं ना."

तर आम्ही थांबलो. चार मोठी माणसं, एका रिकाम्या संडासासमोर, रांगेत. ताई मला मागून कुजबुजत होती की हे असंच चालणार असेल तर आईला इथे ठेवण्यात अर्थ नाही. मला आईचा राग येत होता. वाटत होतं, सगळं मी तिच्यासाठी केलं आणि ती एका खुळ्या आवाजापायी सगळं घालवतेय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत जो आवाज झाला त्याने पॅसेजमधलं कॅलेंडर खाली पडलं.

मी दार उघडलं. फ्लशची टाकी भिंतीतून उखडून कमोडवर आदळली होती. गिट्ट्या, स्क्रू, त्यांच्याबरोबर टाइल्सचा एक तुकडा. कमोडची सीट दुभंगली होती आणि चिनीमातीचे सुऱ्यांसारखे तुकडे सगळीकडे. आई जिथे पाठ करून बसली असती, बरोबर तिथे.

मी तिथेच पॅसेजमध्ये खाली बसलो. गिट्ट्या मीच ठोकल्या होत्या. ताई आईला मिठी मारून रडायला लागली. रडली नाही ती फक्त आई. ती दाराकडे बघत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला होता.

"कधी वेळेवर घरी यायचे नाहीत," ती म्हणाली. "आज आले."

थोड्या वेळाने ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, आता तर तू माझ्याकडेच चल. आई म्हणाली, "तुझ्याकडे मला थांबवणार कोण?" बॅग उतरली. पण ताईही उतरली. काम पुरं होईपर्यंत इथेच राहणार, म्हणाली, आणि तोवर आईने संडास वापरायला सुरुवात केली नाही तर मात्र कुणाचं ऐकणार नाही. वैशालीने शेजारून कमोडची खुर्ची मागून आणली आणि तात्पुरती सोय झाली.

इक्बालभाई आले, भिंत बघितली, आणि मस्कतचं नावही काढलं नाही. भिंत आतून ओल्या बिस्किटासारखी झाली होती. ती मेलेली लाइन मेलेली नव्हती. गच्चीवरच्या टाकीला मागच्या बाजूने एक जुनं तोंड होतं, तिथून तिच्यात पाणी येत होतं, म्हणूनच मेन कॉक बंद करूनही फरक पडत नव्हता. आत थेंब थेंब गळत होतं, प्लास्टर भिजत होतं, गिट्ट्या सुटत होत्या, आणि वर आमच्या निळ्या टाइल्स चकचकीत. पॅसेजमधली एक फरशीही ढिली निघाली, तिच्यावर चपलेचा पाय पडला की धक्का त्या लाइनला.

माझ्या जिवात जीव आला. कारण आता सगळं जुळलं होतं. लोखंडी लाइन, म्हणून टण. ढिली फरशी, म्हणून चपला. सुटत्या गिट्ट्या, म्हणून टाकी पडायच्या आधीचा आवाज. मी ताईला समजावलं, तिला पटलं. वैशालीला अर्धं पटलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं."

या वेळी अर्धी भिंत खाली आली तर येऊ दे म्हटलं. लाइन पूर्ण उपसून काढली, गच्चीवरचं तोंड बुजवलं, फरशी पक्की केली. नवा कमोड असा घेतला की टाकी त्याच्याच पाठीवर बसते, भिंतीला काहीच टांगायचं नाही. मी चपला घालून पॅसेजमधून फेऱ्या मारल्या. चिडीचूप. जोरात पाय आपटले. चिडीचूप. बघा, म्हटलं, मेंटेनन्स.

पण आई जाईना.

"डबल बेल कुठे झालीय?" एवढंच म्हणायची. मी स्वतः बसून दाखवलं. इक्बालभाई, ज्यांचं वजन दोन माणसांचं आहे, ते पँट-शर्टासकट बसले आणि उड्या मारून म्हणाले, "अम्मी, हत्ती बसवा." आई हसली, त्यांना चहा दिला, आणि खुर्चीच वापरली. इक्बालभाई सामान आवरून गेले. दुसऱ्या दिवशी ताईने बॅग परत भरायला घेतली. आई पॅसेजच्या तोंडाशी वॉकर धरून उभी होती. ते मला बघवेना.

मी स्वयंपाकघरात गेलो. वैशालीने आवाज खाली घेऊन तेच सुचवलं जे माझ्या मनात होतं. तिने मला स्टीलचा एक तांब्या दिला, माझ्या हातात पाना होताच. अंगणाच्या बाजूने फिरून संडासाच्या झरोक्यापाशी जायचं, दोनदा वाजवायचं, आई जाईल. पाप कसलं, म्हटलं, आईसाठीच तर आहे. मी तांब्या पोटाशी धरून मागच्या दाराकडे वळलो, आणि एक पाऊल टाकायच्या आत—

टण टण.

स्वच्छ. खणखणीत. गर्दीतून वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत पोचलेल्या कंडक्टरने दोरी ओढावी तशी. माझ्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात पाना, आणि दोन्हींच्यामध्ये हातभर अंतर होतं. वैशाली माझ्या हातांकडे बघत होती.

पॅसेजमधून आईचा आवाज आला, "झाली." मग वॉकरची टकटक. मग दार. मी बाहेर येऊन बघितलं तर ताई एकटीच उभी होती, आणि माझ्या हातातला तांब्या बघून तिने मला डोळा मारला. "हुशार आहेस," ती हळूच म्हणाली. मी तांब्या परत जागेवर ठेवून आलो. तिला आजही वाटतं की ते मीच केलं. हे पान ती वाचत नाही.

आता तुम्ही सांगाल, लाइन. लाइन उपसून भंगारात गेली होती. फरशी म्हणाल तर आई तेव्हा उभी होती, चालत नव्हती. इक्बालभाई त्या दिवशी कळंबोलीला होते. त्या संडासात आता लोखंड म्हणावं असं बिजागरी सोडून काही नाही, आणि बिजागरीवर मी नंतर तांब्याने, पान्याने, चमच्याने, सगळ्याने मारून बघितलंय. तो आवाज येत नाही. कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी मनापासून वाचेन. रविवारी नाही, रोज.

आई मजेत आहे. वॉकर सुटला, आता काठी आहे. कमळी पुन्हा आमच्याकडे टोपली टेकवते. दाराला कडी अजूनही नाही, आणि लावायचा विषय कुणी काढत नाही.

त्यानंतर तो आवाज पुन्हा आलेला नाही. घरात कुणी नसलं की कधी कधी मी चपला मुद्दाम घासत पॅसेजच्या टोकापर्यंत जातो, दाराशी उभा राहतो, आणि परत येतो. एकदा तरी सिंगल बेल व्हावी असं वाटतं. पण मी कंडक्टरचा मुलगा आहे. डबल बेल दिल्यावर गाडी निघते, हे मला कुणी सांगायला नको.